जुन्या धुळ्यातील भिंतीचित्रे टिपण्यासाठी पायी फेरी कशी करावी

भिंतींवरची चित्रे टिपण्यासाठी खानदेशात कोठून सुरुवात करावी, असे कोणी विचारल्यास मी जुन्या धुळ्याचे नाव घेईन. १८१९ मध्ये इंग्रज अधिकारी कॅप्टन ब्रिग्जने खानदेशाचे मुख्य ठाणे येथे आणले; पुढे वसलेल्या पेठेतील सरळ गल्ल्या आजही क्रमांकानेच ओळखल्या जातात. छायाचित्रकाराला ही मोठी सोय आहे, कारण गल्लीचा क्रमांक, भिंतीची बाजू आणि शेजारचे दुकान एवढी नोंद वहीत केली की सहा महिन्यांनीही तीच भिंत बिनचूक सापडते. एका सकाळी दोन गल्ल्या पुरेत. त्याहून अधिक चालल्यास पाहणे कमी आणि पायपीट जास्त होते.

स्वच्छतेचे आणि झाडे लावण्याचे संदेश देणारी सरकारी भिंतीचित्रे सहज दिसतात, ती अवश्य घ्यावीत. परंतु बहुतेक शहरांत ती सारख्याच धाटणीची असतात. माझ्या मते खरा ऐवज लग्नघरांच्या दारांशी असतो. चौकटीच्या दोन्ही अंगांना भालदार-चोपदार किंवा सोंड उंचावलेले हत्ती, वर गणपती आणि बाजूला वधूवरांची नावे व विवाहाची तारीख अशी ही रंगवलेली भिंत म्हणजे तारीखवार दस्तऐवजच असतो. आखाजीच्या म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमारास, लग्नसराईत, हे रंग ताजे असतात. अशा भिंतीजवळ जाऊन अक्षरांखाली पाहावे: सूत मारून आखलेली पुसट रेषा कधीकधी शिल्लक असते, आणि उजव्या कोपऱ्यात, बोटभर जागेत, पेंटरची सही. जुन्या दुकानांच्या भिंतींवर पोपडे उडालेल्या ठिकाणी सिमेंटच्या जाहिरातीखालून निवडणुकीतल्या घोषणेचे अर्धे अक्षर डोकावते; तेथे कॅमेरा हातभर अंतरावर न्यावा.

वेळ सकाळी सातची बरी. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीस अंशांपुढे जातो, त्यामुळे दहानंतर ऊन माणसालाही सोसत नाही आणि चित्रालाही. चित्राचे रंग जसेच्या तसे हवे असतील, तर भिंत पूर्ण सावलीत असताना छायाचित्र घ्यावे. गिलाव्याचा खडबडीतपणा किंवा पोपडे दाखवायचे असतील, तर ऊन भिंतीला घासून जात असेल असा क्षण गाठावा, जो अरुंद गल्लीत जेमतेम दहा-पंधरा मिनिटे टिकतो. तैलरंगावर फ्लॅश वापरू नये, पांढरा डाग उमटतो. पांढऱ्या चुन्याची भिंत कॅमेऱ्याला फसवते आणि छायाचित्र काळपट येते, म्हणून कॅमेऱ्यातच उजेड (एक्स्पोजर) थोडा वाढवून घ्यावा. मोबाइलची सर्वांत रुंद लेन्स कडा वाकवते. तिच्याऐवजी समोरच्या घराच्या ओट्यावर, अर्थात विचारून, उभे राहावे आणि भिंतीला काटकोनात राहून मुख्य लेन्सने टिपावे. प्रत्येक भिंतीची तीन छायाचित्रे घ्यावीत: गल्लीसह दुरून, संपूर्ण चित्र समोरून, आणि सही किंवा एखादा तपशील जवळून. दुरून घेतलेल्यात सायकल, वाळवणाची खाट, दारात बसलेले आजोबा येऊ द्यावेत. त्यांच्यामुळेच चित्राचा आकार कळतो.

मात्र आजोबांना आधी विचारावे. ‘नाना, भिंतीचा फोटो घेऊ का?’ एवढे म्हटले की बहुधा चहाच पुढे येतो, आणि ते चित्र कोणी, कोणाच्या लग्नात काढले हेही कळते. मुले ‘आमना बी फोटू काढा ना’ म्हणत मागे लागतात. त्यांचा एक फोटो काढून त्यांना दाखवावा, म्हणजे पुढचे काम निवांत होते. तो फोटो पालकांच्या संमतीशिवाय कोठेही टाकू नये. घरावरची नावे आणि पेंटरचा मोबाइल क्रमांक यांनाही हाच नियम लावावा.

चित्र रस्त्यावर असले तरी त्यावरचा हक्क सर्वसाधारणपणे चित्रकाराचा असतो आणि १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार तो त्याच्या हयातीत व मृत्यूनंतर साठ वर्षे राहतो, म्हणून दिनदर्शिका किंवा विक्रीच्या छापील प्रती काढायच्या असल्यास त्याची लेखी परवानगी घ्यावी. घरी येताच फायलींना तारीख आणि गल्लीचा क्रमांक द्यावा. हे काम पुढे ढकलले की होत नाही, हा स्वानुभव आहे.

दसरा-दिवाळीच्या तोंडावर घरोघर रंग लागतो आणि लग्नाचे हत्ती चुन्याखाली जातात; भाद्रपदात एक फेरी मारून, वहीतल्या नोंदीप्रमाणे त्याच जागी उभे राहून, तीच भिंत पुन्हा टिपावी.