साडीचं वर्णन लिहिताना: ‘तलम’ कुठे, ‘झिरझिरीत’ कुठे

माझ्या शब्दांमुळे परत आलेली पहिली साडी चंदेरी होती. मी लिहिलं होतं, ‘हलकी, झिरझिरीत चंदेरी, सणासमारंभासाठी.’ पुण्याच्या एका बाईंनी ती मागवली नव्हती, त्यांच्या सुनेने मागवली होती. पार्सलवरचं वर्णन वाचून सासूबाईंनी फोन केला, “हलकी असेल तर तुम्हालाच लखलाभ. आणि झिरझिरीत नेसून मी नातवाच्या मुंजीत मिरवू का?” घडीसुद्धा न मोडता साडी इंदूरला परत. दुकानाच्या मालकांना मराठी येत नाही. त्यांनी एवढंच विचारलं, “मॅडम, आपने ऐसा क्या लिख दिया?”

मी इंदूरच्या रामबागेत वाढले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी. त्यामुळे शब्द आपला वाटतो आणि अर्थ शेजारचा निघतो. हिंदीतला ‘झीना’ माझ्या मनात होता आणि हाताने ‘झिरझिरीत’ लिहिलं. मराठीत झिरझिरीत म्हणजे पडदा, मच्छरदाणी, फार तर धुऊन धुऊन जीव गेलेला पंचा. ‘हलकी’चंही तेच. हलकी साडी म्हणजे कमी प्रतीची साडी; ‘वजनाला हलकी’ म्हटलं की कुणाची तक्रार नसते. कापडाची वर्णनं लिहिण्याच्या कामात नव्याने येणाऱ्या बहुतेकांचा पाय इथेच घसरतो, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

माझी शिकवणी घेतली ती आमच्या वाड्यातल्या एका काकूंनी. आयुष्यभर साड्यांना फॉल-पिको करण्यात गेलेल्या. मी ती परत आलेली चंदेरी घेऊन गेले, तर त्यांनी ओट्यावर वर्तमानपत्र पसरलं, साडीचा पदर एकेरी करून त्यावर टाकला आणि म्हणाल्या, “वाच.” सगळं वाचता येत होतं, अगदी निधनवार्तासुद्धा. मग त्यांनी तोच पदर कागदापासून वीतभर वर धरला. “आता वाच.” आता फक्त मथळा लागत होता, खालची बातमी पुसट. “ही तलम. एवढ्या उंचीवरून बातमीही वाचता आली असती, तर झिरझिरीत. आणि धागेच मोजता आले असते, तर विरळ. मग ती साडी नाही गं, चाळणी.”

ही परीक्षा मी आजही घेते. तिच्यातली वीतभर उंची महत्त्वाची आहे, कारण कापड कशाला चिकटलं की जास्त आरपार दिसतं. फोटोत साडी पुतळ्याला घट्ट गुंडाळलेली असते, म्हणून नुसत्या फोटोवरून ‘पारदर्शक’ लिहू नका. तसाही पारदर्शक हा काचेचा आणि निवडणुकीच्या जाहीरनाम्यातल्या कारभाराचा शब्द आहे. साडीला लावला की वाचणारी पहिल्यांदा परकराचाच विचार करते.

चंदेरी अशी का दिसते, हे कळल्यावर माझे शब्द आपोआप सुधारले. तिच्या ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्याला, रेशीम असतं आणि बाण्याला, म्हणजे आडव्या धाग्याला, बहुधा सूत. कोशातल्या रेशमावर सेरिसिन नावाचा नैसर्गिक डिंक असतो. एरवी तो उकळून काढतात. चंदेरीच्या धाग्यावर तो राहू देतात. धागा न फुलता सडसडीत राहतो, म्हणून कापडाला ती चमक, तो आरपारपणा आणि थोडा ताठपणा. आता सांगा, अशा साडीला ‘मऊसूत’ कसं म्हणायचं? किंवा ‘सुळसुळीत’? सुळसुळीत म्हणजे जिच्या निऱ्या हातातून निसटतात ती. चंदेरीच्या निऱ्या फुगतात, त्यांना चोपून बसवावं लागतं. ‘तलम, पण अंगाला कडक’ असं मी लिहायला लागले, तर मालक घाबरले. बायका मात्र घाबरल्या नाहीत. कडक म्हटल्यावर त्यांना पहिल्या धुण्याआधीची साडी डोळ्यांपुढे येते.

महेश्वरीची गोष्ट वेगळी. महेश्वर इथून जेमतेम ९० किलोमीटर, अहिल्याबाईंची राजधानी, आणि आमच्याकडे घरटी एक तरी महेश्वरी कपाटात असते. ती सहसा चंदेरीपेक्षा दाट विणीची. तिच्या दोन्ही बाजूंनी नेसता येणाऱ्या काठाबद्दल आणि पदरावरच्या पाच पट्ट्यांबद्दल लिहायला इतकं असतं, की पोताला ‘तलम’ लावायचा मोह टाळता येतो. वर्तमानपत्रावर धरा, मथळाही अडखळला, तर ‘नेटकी’, ‘सुटसुटीत’ म्हणा.

आकड्यांची एक फसगत सांगून ठेवते. सुताचा काउंट जितका जास्त, तितका धागा बारीक, कारण एक पौंड सुतात ८४० यार्डांच्या किती लडी बसतात ते त्यात मोजतात. रेशमाचा डेनियर उलटा: ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन, म्हणजे आकडा जितका लहान, तितका धागा बारीक. मी एकदा दोन्ही एकाच वाक्यात ‘उच्च’ करून टाकले होते. सुदैवाने ते कुणी वाचलं नसावं.

व्याकरणाचा त्रास फार नाही. तलम बदलत नाही: तलम पदर, तलम साडी, तलम कापडाला. ‘कोवळा’सारखी कोवळी, कोवळं, कोवळ्या अशी कसरत नाही. ‘तलमपणा’ चालतो; ‘तलमपणे विणलेली’ मात्र कानाला टोचतं, त्यापेक्षा ‘तलम वीण’ म्हणावं. आणि ‘पातळ’ साडीपाशी नकोच. आजीच्या पिढीत पातळ म्हणजे साडीच, आणि ‘पातळ पातळ’ लिहिलं तर ती अळूची भाजी होते.

खरं काम पुढे आहे. ‘ही साडी तलम आहे’ हे वाक्य बरोबर आहे आणि मेलेलं आहे. विशेषणाला काहीतरी करायला लावा: ‘पदर इतका तलम, की खांद्यावर एकेरी घेतला तर पोलक्याचा रंग त्यात उतरतो.’ यात माहिती आहे, इशारा आहे आणि नेसण्याची युक्तीही. उपमा घ्यायची तर स्वयंपाकघरातून घ्या. कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखी म्हटलं की चमक, आरपारपणा आणि किंचित ताठपणा तिन्ही आले. दुधावरची साय म्हणाल, तर ताठपणा गेला. धुक्याची उपमा मी बंद केली आहे; एका आठवड्यात अकरा साड्यांना धुकं लावल्यावर मलाच गारठल्यासारखं झालं.

कापडाबाहेर तलम जपून वापरा. तलम आवाज, तलम धुकं चालून जातं. कपबशी नाजूक असते, पुरणपोळी मऊ लुसलुशीत, पाणी नितळ. एका नव्या मुलीने चांदीच्या पैंजणांना तलम लिहिलं होतं. मी तिला सांगितलं, जी वस्तू बोटांच्या चिमटीत चुरगळता येत नाही, ती तलम नाही.

काम मागायला जाल, तेव्हा अट एकच घाला: साडी हातात द्या, मग लिहिते. क्लॉथ मार्केटमधले जुने लोक याला हसत नाहीत. ते स्वतः नजरेआधी अंगठा लावतात.

ती परत आलेली चंदेरी मी नव्याने लिहिली: ‘वजनाला फुलासारखी, तलम, आत त्याच रंगाचा परकर घाला, पदर दुहेरी घ्या.’ चार दिवसांत नागपूरला गेली. तिकडून एकच प्रश्न आला होता, त्याच रंगाचा परकर मिळेल का?