सरकारी कंत्राटांतली फसवणूक रोखणाऱ्या कायद्याचा मसुदा कसा वाचावा?

सरकारी कंत्राटांतली फसवणूक रोखायला नवं विधेयक आलं की बातमीचा मथळा बहुतेक वेळा शिक्षेवर असतो: इतकी वर्षं कैद, इतका दंड. मसुदा हाती पडला की आपणही आधी तेच पान उघडतो. ते पान शेवटी वाचा. शिक्षा कितीही कडक असो, गुन्हा उघडकीला आल्याशिवाय तिचा उपयोग नाही. आणि कंत्राटातली लबाडी कागदोपत्री इतकी नीटनेटकी असते की वर्षानुवर्षं ती कोणाच्या नजरेला येत नाही. म्हणून पहिल्या कलमापासून एकच प्रश्न धरून चला: उद्या चोरी झाली तर या कायद्यामुळे ती कोणाला दिसेल, आणि कधी?

वकील नसलात तरी हे जमतं. मसुद्याची छापील प्रत आणि पेन्सिल पुरते.

पहिली पायरी: व्याख्या

हे कलम कंटाळवाणं असतं, म्हणूनच तिथे थांबायचं. ‘सरकारी संस्था’ म्हणजे फक्त खाती, की महामंडळं, सरकारी कंपन्या, नगरपालिका आणि सरकारी पैशावर चालणारे ट्रस्टसुद्धा? खात्याऐवजी कंपनीमार्फत काम काढायचं आणि नियमांतून सुटायचं, ही जुनी युक्ती आहे. कंत्राटदाराच्या व्याख्येत उपकंत्राटदार येतात का, तेही पाहा. हलका माल आणि खोटी बिलं बरेचदा दुसऱ्या-तिसऱ्या फळीत तयार होतात, आणि मुख्य कंत्राटदार ‘मला कल्पनाच नव्हती’ म्हणून मोकळा होतो. निविदा भरणाऱ्या कंपनीचा खरा मालक कोण, हे उघड करायची सक्ती नसेल तर समासात ठळक खूण करा. ही उणीव पुढे पुन्हा भेटणार आहे.

दुसरी पायरी: पळवाटा

‘परंतु’, ‘विशेष परिस्थितीत’, ‘तातडीच्या कामासाठी’ असं जिथे जिथे येतं तिथे पेन्सिलीने गोल करा. पूर आला, साथ पसरली, तर निविदेची वाट बघत बसता येत नाही. तेव्हा थेट काम देण्याची मुभा असणं गैर नाही. पण तातडी होती असं कोणी ठरवायचं, ते कारण लेखी नोंदवून प्रसिद्ध करायचं का, आणि अशा कंत्राटाला मुदत आहे का, हे तीन मुद्दे मसुद्यात हवेतच. ठरावीक रकमेखालच्या कामांना निविदा लागत नसेल, तर एका मोठ्या कामाचे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा त्या रकमेखाली बसवायला स्पष्ट मनाई आहे का, हेही शोधा.

‘विहित करण्यात येईल त्याप्रमाणे’ हा शब्दप्रयोग किती वेळा आलाय तेही मोजा. त्याचा अर्थ, तपशील पुढे सरकार नियम करून ठरवेल. थोडंफार चालतं. पण मुख्य गोष्टीच नियमांवर सोडल्या असतील, तर सभागृहात चर्चा कशावर होणार?

तिसरी पायरी: ठेकेदारांचं संगनमत

इथे अधिकारी प्रामाणिक असला तरी फसतो. चार ठेकेदार आधीच ठरवतात की या वेळी काम कोणाचं. बाकीचे मुद्दाम चढे दर भरतात आणि आपल्या पाळीची वाट बघतात. हरलेल्यालाच पुढे जिंकलेल्याकडून उपकंत्राट मिळणं, वेगवेगळ्या निविदांत शुद्धलेखनाच्या त्याच चुका असणं, ही याची नेहमीची लक्षणं. निविदांचा तपशील निवडीनंतर खुला होत असेल, तरच बाहेरच्या माणसाला हे ताडता येतं.

‘आम्ही हे दर स्वतंत्रपणे ठरवले आहेत’ असं लेखी हमीपत्र प्रत्येक निविदेसोबत घ्यावं, असं ओईसीडी या, मुख्यतः विकसित देशांच्या, आर्थिक सहकार्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. खोटं बोलणारा हमीपत्रावरही सही करेल, हे खरंच. पण त्या सहीमुळे खटला चालवणं सोपं जातं. मसुद्यात सिद्ध करण्याची जबाबदारी कोणावर टाकली आहे, तेही बघा. भारताच्या २००२ च्या स्पर्धा कायद्यात निविदेतलं संगनमत आढळलं की स्पर्धेला बाधा आली असं गृहीत धरतात; तसं नाही हे ठेकेदारांनी दाखवायचं. शिवाय साखळीतल्या ज्या कंपनीने आधी येऊन कबुली दिली, तिला दंडात सवलत मिळू शकते. एकमेकांवर संशय असला की अशी साखळी फार काळ टिकत नाही.

चौथी पायरी: सही झाल्यानंतर काय?

बहुतेक मसुदे निविदेपर्यंत काटेकोर असतात आणि काम दिल्यानंतर ढिले पडतात. लबाडी मात्र इथेच रंगते. कमी दर भरून काम मिळवायचं, मग ‘वाढीव काम’, ‘बदललेला आराखडा’, ‘मुदतवाढ’ अशा एकेका पत्राने रक्कम फुगवत न्यायची. म्हणून बदलांवर टक्केवारीची मर्यादा आहे का, प्रत्येक बदल मूळ कंत्राटाशेजारी प्रसिद्ध होतो का, आणि झालेल्या कामाचं मोजमाप बिल मंजूर करणाऱ्याखेरीज दुसरं कोणी तपासतं का, हे पाहा.

स्लोव्हाकियाने २०११ पासून केलेला नियम मला फार आवडतो. तिथे सरकारी कंत्राट इंटरनेटवर प्रसिद्ध झाल्याशिवाय अमलातच येत नाही, आणि तीन महिन्यांत प्रसिद्ध झालं नाही तर ते झालंच नाही असं समजतात. कागद लपवला तर पैसे ठेकेदाराचेच अडकतात, त्यामुळे प्रसिद्धीची घाई त्यालाच असते. युक्रेनमध्ये २०१६ पासून सरकारी खरेदी प्रोझोरो नावाच्या खुल्या यंत्रणेतून होते. लिलाव झाल्यावर कोणी काय दर भरला हे कोणालाही पाहता येतं.

पाचवी पायरी: सांगणाऱ्याला काय मिळतं?

फसवणूक आधी कळते ती आतल्या माणसाला: हिशेबनीसाला, गोदामातल्या कारकुनाला, साइटवरच्या इंजिनिअरला. तो बोलेल का, हे या कलमावर ठरतं.

अमेरिकेचा ‘फॉल्स क्लेम्स ॲक्ट’ १८६३ चा, यादवी युद्धातला. सैन्याला निकृष्ट माल पुरवून ठेकेदार गब्बर होत होते, तेव्हा तो झाला. सरकारच्या वतीने कोणीही नागरिक दावा लावू शकतो आणि वसुलीत वाटा घेऊ शकतो, ही त्यातली कल्पना. १९४३ मध्ये त्यात दुरुस्ती झाली: जी माहिती सरकारकडे आधीच आहे, तिच्या आधारे दावा लावता येणार नाही. फायलीत कुठेतरी पडलेला कागदही दावा बुडवायला पुरेसा झाला, आणि कायदा कित्येक दशकं जवळजवळ निपचित पडला. १९८६ मध्ये ती अट बदलली, नुकसानीच्या तिप्पट वसुली आली, नोकरीवरून त्रास दिल्यास संरक्षण आलं. आज सरकार दाव्यात उतरलं तर सांगणाऱ्याला वसुलीच्या १५ ते २५ टक्के, न उतरलं तर २५ ते ३० टक्के मिळतात. तुमच्या मसुद्यातही अशी एखादी निरुपद्रवी दिसणारी अट दडलेली असू शकते. ‘खोटी तक्रार केल्यास शिक्षा’ हे कलम जास्त धारदार असेल, तर तक्रारी येणार नाहीत हे धरून चाला.

आता शिक्षेचं पान उघडा. तुरुंगवासापेक्षा रकमेची वसुली आणि काळी यादी यांच्याकडे अधिक लक्ष द्या. काळ्या यादीत नाव गेलेल्या कंपनीचे तेच संचालक नव्या नावाने परतू शकतात का? पहिल्या पायरीवर केलेली खूण इथे उपयोगी पडते. जागतिक बँक आणि इतर काही विकास बँकांनी २०१० मध्ये करार केला की एकीने एक वर्षाहून जास्त काळ बाद केलेल्या कंपनीला इतरांनीही बाद करावं. मसुद्यातली बंदी एका खात्यापुरती असेल, तर ठेकेदार शेजारच्या खात्यात जाईल.

हरकत पाठवताना

‘कायदा कडक करा’ असं लिहिलेलं पत्र कोणी वाचत नाही. कलमाचा क्रमांक द्या, आहे ते वाक्य उतरवा, खाली तुम्हाला हवं ते वाक्य लिहा आणि कारण दोन ओळींत सांगा. तीन-चार कलमांपुरतंच बोला. मुदतीच्या आत पाठवून पोच घ्या. विधेयक मंजूर झालं तरी अंमलाची तारीख पुढे वेगळ्या अधिसूचनेने ठरणार असेल तर ती निघेपर्यंत विचारणा करत राहा. आणि ज्या कलमांवर तुम्ही गोल केले होते ती त्या तारखेला लागू झाली की पुढच्या टप्प्यावर ढकलली गेली, तेही पाहून घ्या.