कौटुंबिक हिंसेच्या हेल्पलाइनवर काम करायचंय? नव्याने येणाऱ्यांसाठी जरा सविस्तर

एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली मास्टर्स) किंवा सायकॉलॉजी करणाऱ्या बऱ्याच मुली, आणि आता काही मुलंसुद्धा, विचारतात की हेल्पलाइनवर नेमकं काय काम असतं, आम्हाला जमेल का, म्हणून एकदा नीट लिहितेय. मी पुण्यात एका संस्थेच्या हेल्पलाइनवर काउन्सेलर आहे, घरात मारहाण नाहीतर छळ सोसणाऱ्या बायकांचे फोन घेते. इथे कुठल्याही ताईची केस सांगणार नाहीये, नाव बदलूनसुद्धा नाही, ती गोष्ट तिची आहे. जे सारखं सारखं ऐकायला येतं तेवढंच सांगते.

आरडाओरडा ऐकू येतोय असे फोन कमी असतात. जास्त फोन दुपारचे. नवरा कामावर, सासू जरा आडवी झालेली, पोरं शाळेत, अशा वेळी बाई गच्चीवर नाहीतर बाथरूममध्ये नळ सोडून बोलत असते आणि सुरुवात बहुतेक वेळा "सहजच माहिती हवी होती" किंवा "माझ्या मैत्रिणीसाठी विचारतेय" अशी होते. मैत्रिणीसाठी तर मैत्रिणीसाठी, आपण तसंच बोलत राहायचं. विश्वास बसला की ती स्वतःच स्वतःबद्दल सांगायला लागते. कधी कधी नुसता श्वास ऐकू येतो आणि फोन कट होतो, तेव्हा लगेच उलटा फोन लावायचा नाही म्हणजे नाही, कारण तो फोन आता कुणाच्या हातात आहे हे आपल्याला माहीत नसतं.

नाव, पत्ता, वय हे सगळं नंतर. पहिला प्रश्न, "ताई, आत्ता बोलता येईल का, आजूबाजूला कोण आहे?" कुणी असेल तर हो-नाही मध्ये उत्तर देता येईल असेच प्रश्न. मध्येच कुणी आलं तर काय करायचं हे सुरुवातीलाच ठरवून घ्या, म्हणजे ती "राँग नंबर" म्हणाली की आपण समजायचं. परत फोन करायचा का, किती वाजता, मेसेज चालेल का, व्हॉट्सॲप कोण बघतं, हे तिलाच विचारायचं. कॉल लॉगमधून नंबर काढून टाकायची आठवणही शेवटी करून द्यायची.

आता सगळ्यात महत्त्वाचं. "इतके दिवस का सहन केलंत?" आणि "सोडून का देत नाही?" हे दोन प्रश्न तोंडातून येऊ द्यायचे नाहीत. तिला हे माहेरी विचारून झालेलं असतं, शेजारणीने विचारलेलं असतं, ती स्वतःलाही विचारत असते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, म्हणजे एनएफएचएस-५ मध्ये, शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायकांपैकी ७७ टक्के बायकांनी ना कुणाची मदत मागितली होती ना कुणाला सांगितलं होतं. तर जी आपल्याला फोन करते ती केवढं ओलांडून आलेली असते बघा. तिला आपल्याकडून एवढं ऐकायचं असतं की हे खरं आहे, यात तुमची चूक नाही, मारण्याला कुठलंही कारण पुरत नाही. हे मनापासून म्हणा, पाठ केलेलं लगेच कळतं समोरच्याला.

मग धोका किती आहे ते बघायचं आणि इथे मात्र संकोच करायचा नाही, सरळ विचारायचं. गळा दाबलाय का कधी? घरात कोयता, बंदूक असं काही आहे का, दाखवून धमकी दिलीये का? जिवे मारीन म्हणतो का? गरोदर आहात का? हल्ली मार वाढलाय का? तुम्ही निघून जाणार हे त्याला कळलंय का? यातला गळा दाबण्याचा प्रश्न नवीन लोक गाळतात आणि बायकाही त्याला "नुसतं गळ्याला धरलं" म्हणून सोडून देतात, पण पुढे जीव जाण्याचा धोका किती हे सांगणाऱ्या सगळ्यात मोठ्या खुणांपैकी ही एक आहे. बाहेरून वळ बऱ्याचदा दिसत नाही आणि आतली इजा काही तासांनी, कधी काही दिवसांनी डोकं वर काढते. आवाज बसलाय, गिळताना दुखतंय, चक्कर आली होती, असं काही म्हणाली की आधी हॉस्पिटल, बाकी सगळं नंतर. आणि घर सोडण्याचा काळ, सोडल्यानंतरचे दिवस, हाच सगळ्यात धोक्याचा काळ असतो. म्हणून "ताई, आत्ताच्या आत्ता निघा" हे फोनवर जोशात येऊन सांगायचं नसतं. जीवावरच बेतलंय तर ११२, म्हणजे पोलिसांचा तातडीचा नंबर, ते वेगळं.

निघायचं नसेल तरी प्लॅन करता येतो. भांडण पेटलं की स्वयंपाकघरात जायचं नाही, तिथे सुरी आहे, गॅस आहे, बाहेरचं दार जवळ पडेल अशा खोलीत राहायचं. शेजारच्या एका काकूंना सांगून ठेवायचं की ठरलेली हाक ऐकली की बेल वाजवा. आधार, रेशन कार्ड, पासबुक, लग्नाचा दाखला, पोरांचे जन्मदाखले, औषधं, थोडे पैसे, दागिन्यांच्या पावत्या, हे हळूहळू एका जागी किंवा माहेरच्या भरवशाच्या माणसाकडे. कागदांचे फोटो दुसऱ्या कुणाच्या फोनवर. हे सगळं तिच्या घराप्रमाणे ठरतं, चाळीतल्या बाईचा प्लॅन वेगळा, मळ्यात एकट्या घरात राहणाऱ्या बाईचा वेगळा, म्हणून आपण विचारत जायचं आणि तिने सांगत जायचं. तिला तिचं घर आपल्यापेक्षा जास्त कळतं.

कायदा यायलाच हवा, वकील नसलात तरी. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २००५ चा, लागू झाला २६ ऑक्टोबर २००६ पासून. त्यात मारहाण तर आहेच पण शिव्या, अपमान, जबरदस्ती, पगार काढून घेणं, घरखर्च न देणं, हेही हिंसेत येतं, हे ऐकूनच कितीतरी बायका गप्प होतात. कलम १७ ने तिला सामायिक घरात राहायचा हक्क दिलाय, घर नवऱ्याच्या नावावर नसलं तरी, आणि सासू-सासऱ्यांच्या मालकीच्या घरातही तो हक्क असू शकतो हे सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये सांगितलंय. "घर माझ्या नावावर आहे, निघ" हे वाक्य ज्या बायका रोज ऐकतात त्यांना हे सांगा. या कायद्यासाठी घटस्फोट घ्यावा लागत नाही, नवऱ्याला जेलमध्ये टाकायचं नसेल तरी चालतं, या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याकडे डीआयआर, म्हणजे घडलेल्या हिंसेचा अहवाल, भरायचा आणि कोर्टाकडून संरक्षण, राहण्याचा, पोटगीचा, मुलांच्या ताब्याचा आदेश मागायचा. फक्त बायकोच नाही, आई, बहीण, लिव्ह-इनमधली बाई, सगळ्यांना लागू आहे. मुलगा मारतो म्हणून फोन करणाऱ्या आजीही असतात, त्यांनाही हे सांगायचं.

पण खोटी आशा द्यायची नाही. कायद्यात लिहिलंय की पहिली तारीख साधारण ३ दिवसांत आणि निकाल ६० दिवसांत लावायचा प्रयत्न व्हावा. प्रत्यक्षात खूप जास्त वेळ लागतो, हे तिला आधीच कळलं पाहिजे, म्हणजे ती पोरांच्या फीची, राहण्याची सोय त्या हिशोबाने करेल. "पोलिसांनी नुसती एनसी घेतली आणि मिटवून घ्या म्हणाले" हेही कायम ऐकू येतं. एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद, तेव्हा तिची कॉपी जपून ठेवायला सांगा, पुढे कोर्टात उपयोगी पडते. मोफत वकिलासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, फोन १५१००, बाईला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. १८१ (सरकारी महिला हेल्पलाइन), पोलिसांचा भरोसा सेल, सरकारी मदत केंद्र असलेलं सखी वन स्टॉप सेंटर, महिला वसतिगृह, यांचे आपल्या जिल्ह्यातले नंबर स्वतः फोन करून तपासत राहायचे. रात्री अकरा वाजता बंद नंबर दिला तर ती पुन्हा कुणालाच फोन करणार नाही.

आणि मग ती परत जाते. सगळं ठरतं, बॅग भरते, आणि चार दिवसांनी फोन येतो की मॅडम, मिटलं, आम्ही परत नांदायला आलोय. नवीन काउन्सेलरला इथे फार लागतं. पण तिच्या बाजूने बघा, पोरांची शाळा आहे, माहेरी भावाचा संसार आहे, हातात पैसे नाहीत, आणि त्या माणसावर जीवही असतो कधी. आपण नाराज झालोय हे तिला आवाजावरून कळलं तर पुढच्या वेळी मार खाऊनही ती आपल्याला फोन करायला लाजेल. त्यामुळे म्हणायचं, "बरं ताई, काळजी घ्या, आपला प्लॅन लक्षात आहे ना? कधीही फोन करा." घर सोडायला लावणं हे आपलं कामच नाही. आधीच तिचे सगळे निर्णय दुसरं कुणीतरी घेतंय, त्यात आपण आणखी एक भर घालायची नाही.

गुप्ततेला मर्यादा आहेत, त्या सुरुवातीलाच सांगायच्या. लहान मुलावर लैंगिक अत्याचार होतोय हे कळलं तर पॉक्सोखाली (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. आणि नवरा फोन करून "माझी बायको तुमच्याकडे आलीये का" म्हणाला, कितीही रडला, वकील असल्याचं सांगितलं, तरी "हो"ही म्हणायचं नाही आणि "नाही"ही म्हणायचं नाही, आम्ही कुणाचीच माहिती देत नाही एवढंच.

शिकायचं असेल तर महाराष्ट्रात या कामाची जुनी परंपरा आहे. टिसने, म्हणजे मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने, १९८४ मध्ये मुंबई पोलिसांसोबत महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला, पोलीस ठाण्याच्या आवारात सोशल वर्कर बसवायची ती सुरुवात. बांद्र्याच्या भाभा हॉस्पिटलमधलं दिलासा केंद्र महापालिका आणि सेहत ही आरोग्यावर काम करणारी संस्था यांनी मिळून उभं केलं, तिथे ओपीडीत येणाऱ्या बाईच्या जखमेवरून हिंसा ओळखायला नर्स-डॉक्टरांना शिकवलं जातं. फिल्डवर्कला अशा ठिकाणी जाता आलं तर जाच.

पगार फारसा नसतो, बऱ्याच जागा प्रोजेक्टवर असतात, घरच्यांना हे आधी सांगून ठेवा. त्रासही होतो, झोप जाते, घरात कुणी आवाज चढवला तरी दचकायला होतं. म्हणून इंटरव्ह्यूला गेलात की तुम्हीही त्यांना प्रश्न विचारा. लाइव्ह कॉल देण्याआधी किती ट्रेनिंग देता, मॉक कॉल असतात का? एका शिफ्टला किती फोन, जड कॉलनंतर ब्रेक मिळतो का? सुपरव्हिजन, म्हणजे वरिष्ठांसोबत बसून आपल्या कॉल्सवर बोलणं, आठवड्याला होतं की नुसतं कागदावर? रात्री एकटीला बसावं लागतं का, घरी सोडायला गाडी आहे का? रेकॉर्ड कुठे ठेवता, कोण बघू शकतं? या शेवटच्या प्रश्नाला जिथे नीट उत्तर मिळत नाही तिथे जॉइन होऊ नका.