मोहिमेच्या फोर बाय फोरचा पुढचा बंपर: ब्रॅकेटपासून रंगापर्यंत

बंपर बनवायला घेतला की बहुतेक जण आधी त्याचा चेहरा काढतात: कडांचे कोन, दिव्यांची भोकं, विंचची (रुतलेली गाडी दोरीने ओढून काढणाऱ्या मोटरच्या चरखीची) खिडकी. काम उलट्या टोकाने सुरू करावं. चॅसिसच्या दोन दांड्यांना काय आणि कसं बोल्ट होणार ते आधी ठरवा, चेहरा त्या ब्रॅकेटांवर नंतर बसवता येतो. माळव्याच्या काळ्या मातीत पावसाळ्यात चारही चाकं रुतली, की ओढीचा सगळा भार या ब्रॅकेटांवरच येतो.

त्याआधी कायद्याचं. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना लिहिलं, की गाडीपुढचे क्रॅश गार्ड आणि बुल बार मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ चा भंग करतात. त्यामुळे हा बंपर लावून गाडी रस्त्यावर काढायची नाही. तो शेतासाठी, खासगी जमिनीसाठी आणि बंद ट्रॅकवरच्या स्पर्धांसाठी. स्पिती-लडाखला रस्त्याने जायचं असेल तर कंपनीचा बंपर परत चढवायचा. म्हणूनच इथे सगळं बोल्टवर आहे, चॅसिसला वेल्डिंगचा एकही टाका नाही. गाडीला एअरबॅग असतील तर चॅसिसच्या टोकाचे, धडकेत चिरडून धक्का पिणारे डबे काढू नका. एअरबॅग कधी उघडायची याचा हिशोब ते डबे धरूनच केलेला असतो. अशा गाडीवर हा प्रयोग करूच नये.

कंपनीचा बंपर उतरवा आणि गाडी सपाट फरशीवर उभी करा. दोन दांड्यांच्या टोकांमधलं अंतर वर आणि खाली, दोन्हीकडे मोजा. मग मागच्या एका ठरावीक भोकापासून समोरच्या टोकापर्यंत दोन्ही तिरकी मापं घ्या. जुन्या गाडीत त्यांत ५-६ मिलिमीटरचा फरक सहज निघतो. तो आत्ता कळला नाही तर तयार बंपर एका बाजूला झुकलेला दिसतो आणि दोष वेल्डरच्या माथी जातो.

ब्रॅकेटसाठी ८ मिलिमीटरची प्लेट घ्या. प्रत्येक बाजूला एम१२ चे (१२ मिलिमीटर जाडीचे) किमान चार बोल्ट, ताकदीचा ग्रेड १०.९, आणि शक्यतो चॅसिसवर आधीच असलेल्या भोकांतून. दांडी बंद चौकोनी असेल तर इथे एक चूक फार होते: बोल्ट आरपार घालून आवळला, की दांडीच्या भिंती आत दबतात, थोड्या दिवसांत बोल्ट सैल होतो आणि भोक लंबगोल होऊ लागतं. यावर उपाय म्हणजे आतली नळी. साधारण २० मिलिमीटर बाहेरचा व्यास, १३ मिलिमीटर आतला, आणि लांबी दांडीच्या आतल्या रुंदीइतकी, लेथवर दोन्ही टोकं काटकोनात कापून घेतलेली. ती दांडीच्या उघड्या तोंडातून आत सरकवायची आणि बोल्ट तिच्यातून न्यायचा.

ब्रॅकेटची भोकं १३ मिलिमीटरची, गोल. 'फिटिंगला सोपं जातं' म्हणून सगळी भोकं लांबट करू नका. बंपर वर-खाली करायला जागा हवीच असेल तर ती ब्रॅकेट आणि चेहरा यांच्या जोडावर ठेवा, चॅसिसच्या जोडावर नको.

ओढायचे कान २० मिलिमीटर प्लेटचे. पाऊण इंची शॅकल (पट्टा अडकवायची पिनवाली कडी), म्हणजे ४.७५ टनाचा, त्याची पिन २२ मिलिमीटरची असते. भोक २५ चं करा आणि भोकापासून प्लेटच्या कडेपर्यंत निदान ३० मिलिमीटर माल ठेवा. भोकाच्या दोन्ही कडा कानशीने गोल करा, नाहीतर दोरीचा शॅकल लावल्यावर धारदार कड त्याचे धागे कापते. कान चेहऱ्याच्या प्लेटला वेल्ड करून सोडून देणं ही जिवावर बेतणारी चूक आहे. ओढताना असा कान प्लेटसकट उपटून निघतो आणि ताणलेल्या पट्ट्याबरोबर समोरच्या काचेतून आत येऊ शकतो. कान मागे नेऊन ब्रॅकेटवर किमान १०० मिलिमीटर चढवा, चारही बाजूंनी वेल्ड करा आणि चेहऱ्यात त्याच्यासाठी फक्त खाच ठेवा. उंची अशी धरा, की कंपनीचा बंपर चढवल्यावरही कान त्याच्या खालून हाताला लागेल, पण बंपरच्या रेषेच्या पुढे येणार नाही.

आता चेहरा. आधी पुठ्ठ्याचा करा, चिकटपट्टीने गाडीवर लावा आणि स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवा. एक पुढचं चाक जॅकने उचलून स्प्रिंग दबल्यावर टायर कुठे पोहोचतो तेही पाहा. सगळ्यात वाईट स्थितीतही टायर आणि कडा यांच्यात ४० मिलिमीटर राहायला हवेत. दुसरी फट लोकांच्या लक्षातच येत नाही: बॉडी रबरी बुशांवर बसलेली असते आणि बंपर चॅसिसला जखडलेला. खड्ड्यात दोघं वेगवेगळे हलतात. मडगार्ड आणि बंपर यांच्यात १५ ते २० मिलिमीटर सोडले नाहीत, तर पहिल्याच नाल्यात मडगार्डला पोचा पडतो. समोरची जाळी मोकळी ठेवा. मे महिन्यात इंदूरचा पारा बेचाळिशीच्या वर गेला, की रेडिएटरसमोरची प्रत्येक पट्टी महागात पडते.

चेहऱ्याला आयएस २०६२ ई२५० ची, म्हणजे साध्या पोलादाची ४ मिलिमीटर प्लेट पुरते. इंदूरच्या लोहामंडीत माल तोलूनच मिळतो, म्हणून वजन आधी काढून जा: पोलादाचा एक चौरस मीटर पत्रा जाडीच्या दर मिलिमीटरला ७.८५ किलो भरतो. चेहऱ्याला ०.९ चौरस मीटर धरलं तर २८ किलो, विंचच्या ६ मिलिमीटर ताटाला साडेआठ, ब्रॅकेटांना साडेसात, दोन कानांना पाच-सहा. झाले जवळपास ५० किलो. सिंथेटिक दोरीची ९,५०० पौंडी विंच धरली की सुमारे ८० होतात. हे वजन पुढच्या आसाच्याही पुढे लटकतं. व्हीलबेस २,८०० मिलिमीटर आणि वजनाचा मध्य आसाच्या ७०० पुढे असेल, तर ८० किलोचे पुढच्या स्प्रिंगवर १०० होतात आणि मागचा आस २० किलोने हलका होतो. मागची चाकं आधीच घसरत असतील तर आणखी घसरतील. '६ मिलिमीटरचाच ठोक, मजबूत होईल' असं सांगणारा कोणी ना कोणी भेटतोच. त्याला हा हिशोब दाखवा.

इंदूरलाच सांवेर रोडकडे लेझर कटिंग करून घेता येतं. पुठ्ठ्याचं माप नीट उतरवून दिलं तर ग्राइंडरचं निम्मं काम वाचतं. जिथे घडी हवी तिथे प्रेस ब्रेकवर, म्हणजे प्लेट वाकवायच्या यंत्रावर, वाकवून घ्या. ब्रेक नसेल तर घडीच्या रेषेवर ग्राइंडरने जाडीच्या अर्ध्याहून थोडी खोल चर पाडा, चर बाहेरच्या बाजूला ठेवून वाकवा, मग ती वेल्डने भरा. देखणं दिसावं म्हणून बाहेरचं वेल्ड घासून सपाट करणार असाल, तर आतूनही एक पदर द्या. नुसतं बाहेरून घासलेलं कोपऱ्याचं वेल्ड दगडावर आपटलं की उलतं.

टॅक (तुकडे जागेवर धरणारे वेल्डचे ठिपके) गाडीवर, पूर्ण वेल्डिंग टेबलावर. टॅक मारण्याआधी बॅटरीच्या दोन्ही तारा काढा आणि अर्थचा चिमटा टॅकच्या शेजारीच, बंपरच्या तुकड्यावर लावा, नाहीतर ईसीयू (इंजिनाचा संगणक) किंवा अल्टरनेटर जाऊ शकतो. पूर्ण वेल्ड करताना एका टोकापासून सलग जाऊ नका. ५० मिलिमीटरचा टाका इथे, पुढचा समोरच्या टोकाला, असं पालटत जा. सलग गेलात तर दीड मीटरची प्लेट केळ्यासारखी वाकते आणि ब्रॅकेटची भोकं जुळत नाहीत. ते टाळायला दोन ब्रॅकेटांमध्ये एक अँगल तात्पुरता टॅक करून ठेवा आणि सगळं थंड झाल्यावरच काढा. कान आणि ब्रॅकेट यांना ई७०१८ रॉड वापरा, ओव्हनमध्ये सुकवलेला. पावसाळ्यात उघड्या पाकिटातला रॉड ओल धरतो आणि वेल्ड आतून तडकू शकतं. बाकीला ६०१३ चालतो. नळ्या लावणार असाल तर काळ्या, म्हणजे जस्त न चढवलेल्या घ्या. जीआय पाइपवरचं जस्त वेल्डिंगमध्ये धूर होऊन छातीत जातं आणि रात्री थंडी वाजून ताप येतो.

विंचच्या ताटाची चार भोकं २५४ बाय ११४.३ मिलिमीटरच्या चौकोनात येतात, हे बहुतेक विंचना लागू पडतं. ताट चेहऱ्याला जोडलं तरी त्याची दोन्ही टोकं ब्रॅकेटांवर पोहोचलीच पाहिजेत. विंच निवडताना गाडीच्या भरलेल्या वजनाच्या दीडपट ओढ धरा. डब्यावर छापलेला आकडा ड्रमवरच्या पहिल्या थरापुरता असतो, थर वाढले की ओढ घटते.

रंगाबाबत मत स्पष्ट आहे: पावडर कोटिंग (भट्टीत भाजून चढवलेला पावडरचा रंग) नको. दगडाने टवका उडाला की पाणी त्याखाली शिरतं आणि गंज वरून दिसतही नाही. जस्ताचा प्रायमर आणि दोन घटकांचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग लावा, टवका उडाला की ब्रशने भरता येतो. प्रत्येक बंद कप्प्याच्या सर्वांत खालच्या ठिकाणी १० मिलिमीटरचं भोक हवं.

एम१२, १०.९ चे बोल्ट कोरडे असतील तर टॉर्क रेंचने साधारण ११५ न्यूटन-मीटरला आवळा आणि नटापासून ब्रॅकेटपर्यंत पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढा. दोनशे किलोमीटरनंतर रेघ तुटलेली दिसली तर नट फिरलाय. काळ्या मातीत गाडी चालवून आणलीत की कानांच्या मागचा कोपरा पाण्याने धुवा. तिथला चिखल वाळून विटेसारखा घट्ट बसतो आणि खालचं भोक बुजवतो.