घोड्यांचा ट्रेलर घेताय? आधी ट्रकचा स्टिकर वाचा
राहायची सोय असलेला घोड्यांचा ट्रेलर बघायला गेलं की विकणारा हमखास रिकाम्या ट्रेलरचं वजन सांगतो, त्यावर जाऊ नका. एक घोडा साधारण ५०० किलो, पाणी लिटरमागे १ किलो, वर खोगिरं, चारा, गॅस आणि आपलं सामान (ते कधीच कमी नसतं), म्हणून जीव्हीडब्ल्यूआर म्हणजे ट्रेलर पूर्ण भरून जास्तीत जास्त जेवढं वजन चालतं तो आकडाच धरा. आणि बऱ्याचदा ओढायच्या ताकदीआधी ट्रकचा पेलोड, म्हणजे ट्रक स्वतःवर जेवढं वजन पेलू शकतो ते, संपतो, कारण गूसनेक (ट्रकच्या मागच्या हौद्यात जोडायच्या) ट्रेलरचा साधारण २० ते २५ टक्के भार थेट ट्रकवर येतो, शिवाय त्यातच माणसं आणि हिचचं (ट्रेलर जोडायच्या जोडणीचं) वजनपण मोजायचं. पेलोडचा खरा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो, ब्रोशरमधला नको.