सेशन संपल्याचे सर्व्हरला कधी कळते?

इंदूरमध्ये परदेशीपुऱ्यातील एका लहान कंपनीत जावा या प्रोग्रामिंग भाषेचे काम शिकत असताना माझ्या वाट्याला आलेले पहिले स्वतंत्र काम म्हणजे मराठी नाटकांचे तिकीट आरक्षण. प्रेक्षकाने निवडलेल्या खुर्च्या त्याच्या सेशनच्या (एका प्रेक्षकाच्या लागोपाठच्या विनंत्या एकत्र ओळखण्यासाठी सर्व्हरने ठेवलेल्या नोंदीच्या) नावावर अडवून ठेवायच्या आणि सेशन संपले की सेशन सुरू झाल्याची आणि संपल्याची खबर घेणाऱ्या एचटीटीपीसेशनलिसनरच्या सेशनडिस्ट्रॉइड या मेथडमधून, म्हणजे सेशन संपताना चालणाऱ्या कोडमधून, त्या मोकळ्या करायच्या, अशी माझी योजना होती. सर्व्हरला लिसनर ओळखता यावा म्हणून त्यावर वेबलिसनर हे अ‍ॅनोटेशन (कोडवरची खूण) लावले आणि काम झाले, असे मी समजलो.

विक्रीच्या पहिल्याच संध्याकाळी आयोजक काकांचा फोन आला: "अरे, पडद्यावर नाट्यगृह भरलेले दिसते, मग पैसे कुठे आहेत?"

प्रेक्षकाने ब्राउझर बंद केला तरी सर्व्हरला त्याची वार्ता जात नाही, हे मला ठाऊक नव्हते. सर्व्हर केवळ शेवटच्या विनंतीनंतरचा वेळ मोजतो आणि ठरलेली मुदत उलटली की सेशन संपवतो. आम्ही वापरत असलेल्या टॉमकॅट या जावा वेब सर्व्हरमध्ये ही मुदत मुळात 30 मिनिटांची असते, आणि ती उलटल्यावरही पार्श्वभूमीतली तपासणी साधारण मिनिटाने एकदा होत असल्याने घटना आणखी थोडी उशिरा येते. मुदत कमी करायला गेलो, तर वेगळीच फजिती झाली. वेब डॉट एक्सएमएल या सेटिंगच्या फाइलमधला मुदतीचा आकडा मिनिटांत असतो, पण कोडमधून मुदत ठरवणारी सेटमॅक्सइनअ‍ॅक्टिव्हइंटरव्हल ही मेथड सेकंद मागते. मी तिथे 10 लिहिले आणि लोक नाव भरता भरता बाहेर फेकले गेले.

शेवटी खुर्ची अडवल्याची वेळ डेटाबेसमध्ये नोंदवली आणि दहा मिनिटांहून जुनी नोंद मोकळीच धरली. लिसनरकडे आता फक्त झाडलोट उरली आहे. तिथे सेशनमधली मूल्ये वाचता येतात, कारण सर्व्हलेट (जावा वेब प्रोग्रामचे प्रमाणित नियम) 2.4 या आवृत्तीपासून सेशनडिस्ट्रॉइड ही मेथड सेशन अवैध होण्याआधी चालते. मात्र मुदत संपून ती चालते तेव्हा कोणाचीही विनंती हाताशी नसते, हे विसरू नये.

याच लिसनरवर मी "आत्ता किती जण आहेत" हा आकडाही मोजत होतो. आमचा जुना टॉमकॅट बंद होताना सेशन फाइलमध्ये साठवून पुन्हा सुरू होताना परत आणत असे, पण त्या वेळी सेशनक्रिएटेड, म्हणजे नवे सेशन मोजणारी लिसनरची मेथड, चालत नसे. त्यामुळे मोजणी शून्यापासून सुरू होऊन पुढे उणे झाली. शिवाय जेएसपी (जावा कोड असलेले वेब) पान सांगितल्याशिवायच सेशन उघडते, म्हणून सर्च इंजिनांचे बॉट, म्हणजे आपोआप पाने वाचणारे प्रोग्रामही प्रेक्षकांत मोजले जात होते. तो आकडा मी पानावरून काढून टाकला, आणि काकांनी त्याबद्दल कधी विचारलेही नाही.