सीमावादाचे मूळ कागदपत्रांत कसे शोधावे

दोन देशांत सीमेवरून चकमक झाली, की बातम्यांत सैन्याच्या हालचाली आणि नेत्यांची विधाने येतात. वादाचे मूळ मात्र अनेकदा शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या एखाद्या करारात असते. ते शोधायचे असेल, तर करार मिळवून आधी शेवटचे पान उघडावे आणि सह्या कोणाच्या आहेत व कोणाची सही राहिली आहे, हे पाहावे.

भारत आणि चीन यांच्या पूर्वेकडील सीमेवरच्या मॅकमहोन रेषेचे उदाहरण घेऊ. ऑक्टोबर १९१३ मध्ये सिमल्यात परिषद भरली. ब्रिटिश हिंदुस्थानच्या वतीने सर हेन्री मॅकमहोन, तिबेटच्या वतीने लोन्चेन शात्रा आणि चीनच्या वतीने आयव्हन चेन वाटाघाटींना बसले. परंतु आजच्या अरुणाचलाची उत्तर सीमा ठरली ती २४ आणि २५ मार्च १९१४ रोजी दिल्लीत मॅकमहोन आणि शात्रा यांनी एकमेकांना दिलेल्या पत्रांनी, आणि त्या व्यवहारात चीन नव्हता. २७ एप्रिलला चेन यांनी परिषदेच्या मसुद्यावर आद्याक्षरी केली, ती त्यांच्या सरकारने लगेच नाकारली. ३ जुलैला ब्रिटन आणि तिबेट यांनी दोघांपुरतेच काम उरकले. तिबेटला असा करार करण्याचा अधिकारच नव्हता, असे चीन म्हणतो. तो होता, आणि चीनचा त्या वेळचा आक्षेप या सीमेला नव्हताच, असे भारत म्हणतो. दोन्ही बाजू याच पानावर उभ्या आहेत.

यानंतर करार करणाऱ्या सत्तेने आधी इतरांना काय कबूल केले होते, ते तपासावे. १९०७ च्या करारात ब्रिटनने रशियाला शब्द दिला होता, की तिबेटशी वाटाघाटी चीनच्या मार्फतच केल्या जातील. त्यामुळे १९१४ चा कागद उघडपणे मिरवता येण्यासारखा नव्हता, आणि एचिसन यांच्या नावाने चालणाऱ्या सरकारी करारसंग्रहाच्या १९२९ च्या खंडात तो छापलाच गेला नाही. पुढे १९३८ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानच्या परराष्ट्र खात्यातले अधिकारी ओलाफ कॅरो यांच्या पुढाकाराने तो घालून नवा खंड छापला, त्यावर साल मात्र १९२९ चेच ठेवले आणि जुन्या प्रती परत मागवल्या. हार्वर्ड विद्यापीठात एक जुनी प्रत राहून गेली, म्हणून हा प्रकार उजेडात आला. भारतीय वाचकाला हे वाचताना जड जाते, मलाही गेले. पण आपल्या बाजूचा कागद जास्त कसून तपासावा, असे माझे ठाम मत आहे.

नकाशा पाहताना प्रमाण पाहावे. मॅकमहोन यांच्या नकाशात एक इंच म्हणजे आठ मैल होते. अशा नकाशावर इंचाच्या सोळाव्या भागाइतकी जाड रेघ अर्धा मैल जमीन झाकते. पश्चिम टोकाला, भूतानच्या कोपऱ्यापाशी, ही लाल रेघ आणि थागला डोंगरधार एकमेकींशी जुळत नाहीत. सीमा जलविभाजकावरून, म्हणजे दोन बाजूंना पाणी वाटणाऱ्या डोंगरधारेवरून, जाते, म्हणून ती थागलावर आहे, ही भारताची भूमिका. रेघ जिथे काढली आहे तिथेच ती आहे, ही चीनची. त्याच धारेखालच्या नामका चू नदीकाठी २० ऑक्टोबर १९६२ रोजी युद्धाला तोंड फुटले.

रेघ आणि प्रत्यक्ष कारभार यांतले अंतरही मोजावे. अरुणाचलातले तवांग हे गाव मॅकमहोन रेषेच्या दक्षिणेला असूनही तेथे ल्हासाचे अधिकारी दीर्घकाळ कर गोळा करत राहिले, आणि फेब्रुवारी १९५१ मध्ये मेजर बॉब खाथिंग आसाम रायफल्सची तुकडी घेऊन पोहोचले तेव्हा कुठे तेथे भारताचा कारभार सुरू झाला. ज्यांच्या गावांवरून ही देवघेव झाली, त्या मोनपा लोकांचा प्रतिनिधी सिमल्यात नव्हता.

शेवटी सही करणाऱ्या अधिकाऱ्याचा माग काढावा. हेच मॅकमहोन १८९४ ते १८९६ या काळात बलुचिस्तानात ड्युरंड रेषेची, म्हणजे अफगाणिस्तानच्या सीमेची, आखणी करत होते, आणि २४ ऑक्टोबर १९१५ रोजी कैरोहून मक्केच्या शरीफ हुसेन यांना अरब स्वातंत्र्याचे आश्वासन देणारे पत्रही त्यांचेच. त्यात दमास्कस, होम्स, हमा आणि अलेप्पो यांच्या पश्चिमेचा भाग वगळला होता. इंग्रजीतल्या ‘डिस्ट्रिक्ट्स’साठी अरबी पत्रात विलायत हा शब्द आला, मराठीत तो इंग्लंडसाठी रुळला, ऑटोमन कारभारात मात्र त्याचा अर्थ प्रांत. दमास्कसच्या पश्चिमेचा भाग म्हणून पॅलेस्टाइनही वगळले गेले, असे १९२२ मध्ये चर्चिल यांच्या श्वेतपत्रिकेत सांगण्यात आले; दमास्कसची विलायत म्हणजे संपूर्ण प्रांत धरला, तरच हे जुळते. ही चार शहरे आहेत आणि पॅलेस्टाइन त्यांच्या दक्षिणेला आहे, असे अरबांनी सांगितले. अशा वेळी दोन्ही भाषांतले मजकूर शेजारी ठेवावेत आणि त्या काळचा ऑटोमन नकाशा उघडावा: होम्स आणि हमा या नावांची विलायत त्यावर सापडत नाही, म्हणजे तिथे तरी या शब्दाचा अर्थ प्रांत असा घेता येत नाही.